खुर्चीत उद्या कोण बसणार ते सांगा, मग सही करतो

कॅप्टन अमेरिका बरोबर होता का आयर्न मॅन, हा वाद २०१६ मध्ये ‘सिव्हिल वॉर’ हा पिक्चर आला तेव्हापासून चालू आहे. त्यात सुपरहिरोंनी सरकारी समितीच्या हाताखाली काम करायचं असा करार येतो, आयर्न मॅन म्हणजे टोनी त्यावर सही करतो आणि कॅप्टन म्हणजे स्टीव करत नाही. आपल्या नागपुरात कॉलेजच्या कॅन्टीनपासून तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत तो कुठंही निघतो आणि निघाला की पाच मिनिटात माणसांवर घसरतो. टोनीला लय घमेंड आहे, स्टीव हट्टी आहे, टोनीला गिल्ट खात होतं, स्टीवला फक्त त्याचा मित्र वाचवायचा होता. हे सगळं खरं आहे हो, पण त्यात मूळ प्रश्न राहूनच जातो. ज्याच्या अंगात बाकीच्यांपेक्षा हजारपट ताकद आहे त्यानं कोणाचं ऐकायचं, हा त्या प्रश्नाचा अर्धा भाग. आणि ज्याचं ऐकायचं त्याच्यावर कोणाचा वचक असणार, हा दुसरा. पहिल्या भागावर लोक रात्र रात्र बोलतात, दुसऱ्यावर कोणी बोलतच नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ताकदवाल्यानं नाव नोंदवावं, केलेल्या कामाचा हिशोब द्यावा, चुकलं तर कोर्टात उभं राहावं, इथपर्यंत मी पूर्ण टोनीच्या बाजूनं आहे. पण हिशोब देता देता तो एखाद्या मंत्र्याचा किंवा जनरलचा हुकमी माणूस होणार असेल तर मी तिथं थांबतो. आणि आज त्या खुर्चीत आपला माणूस आहे ना, मग काय टेन्शन, असं म्हणून जो सही करतो त्याला मला एकच विचारायचंय की भाऊ, उद्या तिथं कोण येणार आहे हे तुला माहीत आहे का?

आधी टोनीची बाजू घेऊ, कारण आपल्याकडे कॅप्टनचे फॅन जास्त, त्यामुळं टोनीचं कोणी नीट ऐकूनच घेत नाही. मूळ कॉमिक्समध्ये, म्हणजे २००६ च्या सिव्हिल वॉरमध्ये, सुरुवात स्टॅमफर्ड नावाच्या गावात होते. न्यू वॉरियर्स ही पोरांची टीम, त्यांचा टीव्हीवर रिअ‍ॅलिटी शो चालू, रेटिंग पडलेलं. एका घरात चार फरार गुन्हेगार लपलेत हे त्यांना कळतं, हे आपल्या आवाक्यातले नाहीत हेही त्यांना कळतं, तरी कॅमेरा चालू आहे म्हणून ती पोरं आत घुसतात. त्या चौघांपैकी नायट्रो नावाचा जो आहे तो अंगातून स्फोट करू शकतो. तो पळत पळत एका शाळेपाशी येतो आणि तिथं फुटतो. सहाशेच्या वर माणसं जातात, त्यात शाळेतली लहान लेकरं. नंतर श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात एक आई सगळ्यांसमोर टोनीला धरून जाब विचारते, आणि तिच्या प्रश्नाला त्या अख्ख्या कथेत कोणाकडेच उत्तर नाही. कॅप्टनकडे पण नाही. आम्हाला स्वातंत्र्य पाहिजे, आम्ही चांगली माणसं आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा, हे त्या आईला सांगून बघा. माझ्या पोराला ज्यानं मारलं त्याला तिथं जायची परवानगी कोणी दिली होती, एवढंच ती विचारून राहिली आहे, आणि हा विचारण्याचा तिचा हक्क आहे.

आपण नागपूरकरांनी तर या विषयावर हलक्यात बोलूच नाही. १३ ऑगस्ट २००४ ला आपल्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला मारलं. शेकडो बायकांचा जमाव, हातात भाजी कापायच्या सुऱ्या आणि मिरचीपूड. त्या वस्तीत वर्षानुवर्षं त्यानं काय काय केलं होतं, किती घरांवर बलात्कार आणि खंडणीची वेळ आणली होती, हे तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. पोलिसांकडे जाऊन काही झालं नाही असं त्या बायका छातीठोकपणे सांगत होत्या. पुढं खटला चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले.

मला त्या बायकांना दोष देता येत नाही आणि मी देणारही नाही. ज्या व्यवस्थेनं त्यांना इतकी वर्षं वाऱ्यावर सोडलं तिनं एका दुपारी त्यांना कायदा शिकवायला येऊ नये. पण हेही तितक्याच जोरानं म्हणतो की जे झालं ते न्यायालयाच्या इमारतीत व्हावं लागलं ही या शहरावरची नामुष्की आहे आणि त्याचं आपण पोस्टर करू नये. कारण उद्या दुसऱ्या कुठल्या वस्तीत दुसरा जमाव दुसऱ्या कोणाला धरेल, तो माणूस कदाचित निर्दोष असेल, आणि जमावाला उलटतपासणी घेता येत नाही. सुपरहिरो म्हणजे शेवटी हाच प्रश्न आहे, फक्त जमावाच्या जागी अंगात ताकद असलेले सातआठ जण. व्यवस्था झोपलेली असते म्हणून लोकांना मास्कवाला माणूस आवडतो. लहानपणी आपण भाड्यानं राज कॉमिक्स आणून वाचायचो तेव्हा डोगा का आवडायचा? तो कोणाची परवानगी घेत बसत नाही म्हणून. ध्रुव पोलिसांसोबत काम करायचा, त्याला वाढवणारा बापच पोलिसातला, म्हणून काही पोरांना तो जरा सरकारी वाटायचा. आता विचार केला तर ध्रुवासारखं राहणं जास्त अवघड आहे, कारण अंगात ताकद असताना थांबून कोणाला तरी विचारणं सोपं नसतं.

आणि इथं दीक्षाभूमीच्या गावात राहून बाबासाहेबांचं ते भाषण आठवल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९, घटना समितीतलं शेवटचं मोठं भाषण. त्यात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि लोक आपापल्या सोयीची एकच उचलतात. एक अशी की घटनेचे मार्ग उघडे असताना त्याबाहेरच्या मार्गांनी जाणं म्हणजे अराजकाचं व्याकरण आहे. ही गोष्ट कॅप्टनच्या फॅननी भिंतीवर लावावी अशी आहे. दुसरी अशी की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा पक्का रस्ता आहे, कितीही मोठा माणूस असला तरी त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवायचं नाही. ही टोनीच्या फॅनसाठी. आणि खरं तर दोघांसाठी पण, कारण आपण ज्यांना हिरो म्हणतो त्यांच्याबद्दल आपण विचार करणंच बंद करतो. कॅप्टन म्हणतोय ना, मग बरोबरच असेल. टोनी जिनियस आहे ना, मग त्यानं बघितलं असेल. या दोन वाक्यांत फरक काहीच नाही.

आता खुर्चीकडे येतो, कारण खरी गडबड तिथं आहे.

जुन्या अ‍ॅव्हेंजर्स कॉमिक्समध्ये हेन्री पीटर गायरिक नावाचा एक सरकारी अधिकारी आहे. सूट, काळा चष्मा, हातात कागद. १९७९ च्या अंकात तो कॅप्टन-टोनीच्या या टीमच्या बंगल्यात येतो आणि सरळ जाहीर करतो की इथून पुढं टीममध्ये फक्त सात जण राहतील आणि ते सात कोण हे मी ठरवीन. तोपर्यंत ही टीम आपले मेंबर आपण निवडायची. गायरिक यादी वाचतो, हॉकआय बाहेर. फाल्कन या कृष्णवर्णीय हिरोला मात्र तो आत घेतो, समान संधीच्या नावाखाली, आणि फाल्कनला विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. फाल्कनला स्वतःला ते अजिबात आवडत नाही, पुढं तो टीम सोडतोही. मला हे पान फार महत्त्वाचं वाटतं. टीममध्ये सगळ्या समाजाची माणसं असलीच पाहिजेत, त्यावर माझा वाद नाही, वाद यावर आहे की ज्याला प्रतिनिधी म्हणून बसवलं त्याचाच आवाज तिथं नव्हता. आणि गायरिक कायद्याबाहेर काही करत नाही हे पण बघा, सरकारी सवलती पाहिजेत तर सरकारच्या अटी माना एवढंच तो म्हणतो. त्या अटींविरुद्ध दाद कुठं मागायची याचं मात्र तिथं काहीच नाही. समोरचा माणूस हो म्हणाला तर काम चालू, नाही म्हणाला तर बंद. आपल्याकडे सरकारी ऑफिसात एखाद्या दाखल्यासाठी ज्यानं चकरा मारल्या आहेत त्याला हे समजवायची गरज नाही.

तोच गायरिक २००७ मध्ये परत येतो, तोवर स्टॅमफर्डच्या स्फोटामुळं ताकदवाल्यांना सरकारकडे नाव नोंदवायला लावणारा रजिस्ट्रेशन कायदा पास झालेला असतो. टोनीची योजना मोठी असते, अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत एकेक सरकारी टीम, आणि ताकद असलेल्या नव्या पोरापोरींना लष्करी पद्धतीनं ट्रेनिंग. ट्रेनिंगचा कॅम्प मुद्दाम स्टॅमफर्डलाच, जिथं ती लेकरं गेली तिथंच. हेतू चांगलाच म्हणायचा. पण पहिल्याच सरावात एक पोरगी घाबरते, तिच्या हातातलं परग्रहावरचं शस्त्र सुटतं आणि एक पोरगा जागेवर मरतो. साधं, सरळ, हुशार पोरगं, सगळ्यांना मदत करणारं. आता कायदा कशासाठी आला होता? हिशोब द्यायला. मग इथं काय होतं? गायरिक प्रकरण दाबतो. कॅम्पची बदनामी नको, योजना बंद पडेल. आणि त्या पोराच्या मृतदेहावर आतल्या आत प्रयोग होतात, त्याच्या क्लोन काढल्या जातात. ज्या चुकीचा जाब विचारायला हा कायदा केला तीच चूक कायद्याच्या कुंपणाआड झाल्यावर ती गुपित झाली. बाहेरच्या पोरांनी केलं तेव्हा निदान टीव्हीवर तरी दिसलं होतं.

हे फक्त कॉमिक्समध्येच होतं असं वाटत असेल तर आपल्या शेजारी बघा. गडचिरोली ओलांडली की बस्तर. २००५ पासून तिथं सलवा जुडूम चाललं, स्थानिक आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून हातात बंदूक देऊन नक्षलवाद्यांसमोर उभं केलं. मानधन महिन्याला तीन हजार, शिक्षण कितीकांचं पाचवीपर्यंत. ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टानं हे घटनाबाह्य ठरवलं, समतेचा आणि जगण्याचा हक्क मोडतो म्हणून, आणि ती भरती थांबवायला लावली. कोर्टानं फक्त गावकऱ्यांचा विचार केला नव्हता, त्या बंदूकवाल्या पोरांचा पण केला होता. त्यांना तोकड्या ट्रेनिंगवर, तोकड्या पगारावर मरायला पुढं केलं जातंय हे कोर्टाला दिसलं. सरकारनं हिरो बनवले म्हणून हिरोंचं भलं होतं असं नाही, हे मला इथं सांगायचंय. टीमवर सरकारी शिक्का बसला की लोकांचं संरक्षण होईल का हे जसं विचारायचं, तसं त्या टीममधल्या पोराचं संरक्षण होईल का हे पण विचारायचं.

पण सगळ्यात मोठा धडा त्यानंतरचा आहे. सिव्हिल वॉर टोनी जिंकतो. सगळी यंत्रणा त्याच्या हाताखाली, कोण कोणत्या मास्कमागे आहे, घर कुठं, बायको कोण, पोरं कोणत्या शाळेत, सगळी यादी त्याच्याकडे. लोक म्हणाले, टोनी आहे ना, यादी सुरक्षित आहे. मग २००८ मध्ये परग्रहावरच्या स्क्रलांचा हल्ला होतो, टोनीची यंत्रणा ढेपाळते, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर स्क्रलांच्या राणीवर शेवटची गोळी कोण झाडतो? नॉर्मन ऑसबॉर्न. ग्रीन गॉब्लिन! बाप्पा, ज्यानं स्पायडरमॅनचं आयुष्य नासवलं तो माणूस. एका गोळीवर तो देशाचा हिरो होतो आणि सरकार ती सगळी खुर्ची उचलून त्याला देतं. तोच कायदा, तेच अधिकार, तेच बजेट, एक ओळ बदलावी लागली नाही. मग तो खुनी माणसांना हिरोंचे कपडे घालून नवे अ‍ॅव्हेंजर्स म्हणून उभे करतो, आणि लोक टाळ्या वाजवतात, कारण कपडे ओळखीचे आहेत. टोनीवर वेळ येते की नावांची यादी पुसून टाकायची, एकच प्रत स्वतःच्या मेंदूत ठेवायची आणि ऑसबॉर्नच्या हाती लागू नये म्हणून पळता पळता स्वतःचा मेंदू थोडा थोडा पुसत जायचा. ज्या माणसानं यादी करायला लावली त्याला ती वाचवायला आपली बुद्धी जाळावी लागली. २०१० मध्ये ऑसबॉर्न राष्ट्राध्यक्षाचं न ऐकता अस्गार्ड या देवांच्या नगरीवर चाल करून जातो, पडतो, आणि मग कुठं तो कायदा रद्द होतो. चार वर्षं लागली. टोनी वाईट होता म्हणून हे झालं नाही. कायदा करताना सगळ्यांच्या डोळ्यासमोर टोनीचा चेहरा होता आणि त्या कायद्यात नंतर येणाऱ्या माणसाला रोखणारं एकही कलम नव्हतं, म्हणून झालं.

आता मिलिटरीचं. पिक्चरमधला सोकोव्हिया करार ११७ देशांचा होता, संयुक्त राष्ट्रांची समिती वगैरे. ऐकायला छान. पण टीमसमोर तो करार घेऊन कोण आला? थॅडियस रॉस. जनरल रॉस, ज्याची अर्धी नोकरी ब्रूस बॅनरला, म्हणजे हल्कला, पकडून त्याचं शस्त्र करायच्या मागे गेली. तो स्क्रीनवर व्हिडिओ दाखवतो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, सोकोव्हिया, लागोस. पडलेल्या इमारती, मेलेली माणसं, आणि लागोसला जिच्या हातून माणसं गेली त्या टीममधल्या वांडाला ते बघवत नाही. मी थिएटरमध्ये तो सीन बघताना एकच वाट बघत होतो की आता हार्लेम येईल. २००८ च्या हल्कच्या पिक्चरमध्ये हार्लेमचा जो सत्यानाश झाला तो ज्या राक्षसानं केला, तो रॉसच्याच हाताखालचा सैनिक होता आणि त्याच्या अंगात सीरम रॉसच्याच परवानगीनं गेलं होतं. हार्लेमचा व्हिडिओ आलाच नाही. त्या खोलीतल्या कोणी विचारलं पण नाही. हिशोब मागणारा स्वतःचा हिशोब खिशात ठेवून आला आणि तिथं बसलेल्या इतक्या हुशार लोकांना ते दिसलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

नागपूरच्या माणसाला हे लगेच कळायला पाहिजे, कारण आपली बर्डीची टेकडी याच गोष्टीची साक्षीदार आहे. १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फौज नागपुरात राहणार, खर्च नागपूरच्या तिजोरीतून जाणार, आणि फौज ऐकणार कोणाचं तर रेसिडेंट जेन्किन्सचं. संरक्षणासाठी म्हणून आणलेली फौज. दीड वर्षात डोळे उघडले, नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर लढाई झाली आणि ज्या फौजेचा खर्च आपण सोसत होतो तिच्याच समोर आपण हरलो. १८५४ मध्ये तर राज्यच खालसा झालं. आज तो किल्ला आपल्याच सैन्याच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. पोरांना घेऊन वर गेलात तर तोफा दाखवता दाखवता हा तह पण सांगा. पगार कोण देतो यावरून फौज कोणाची ते ठरत नाही, हुकूम कोणाचा चालतो आणि त्या हुकमाला कोण आडवं येऊ शकतं यावरून ठरतं.

आपल्या घटनेनं हे ओळखलं होतं. कलम ५३ म्हणतं की संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे राहील, पण तिथंच पुढं लिहिलंय की त्याचा वापर कायद्यानं नियंत्रित असेल. म्हणजे सगळ्यात वरच्या खुर्चीला सुद्धा मोकळं सोडलेलं नाही. आणि कलम ३३ मुळं सैन्यातल्या माणसाचे मूलभूत हक्क संसद कमी करू शकते, शिस्तीसाठी ते लागतं, मला मान्य आहे, सैनिक ते समजून उमजून स्वीकारतो आणि त्याबद्दल त्याला सलामच आहे. पण एखादी पोरगी जन्मतःच हातातून आग काढत असेल तर ती काही भरती झालेली नाही. तिला नोंदणीच्या नावाखाली थेट कमांडखाली आणलं तर तिचे हक्क तिनं न सही करताच गेले. पिक्चरमध्ये पुढं काय झालं ते आठवा, वांडाला गळ्यात पट्टा घालून, हात बांधून समुद्रातल्या राफ्ट जेलमध्ये टाकलं. खटला नाही, वकील नाही. कॉमिक्समध्ये तर त्याहून भयंकर, थेट निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्याच विश्वात जेल बांधलं, कुठल्याही कोर्टाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. जेलची जागा निवडतानाच कोर्ट टाळलं, यावरून समजून जा.

मग कॅप्टन बरोबर होता का? इथं कॅप्टनवाल्या मित्रांनी जरा शांतपणे वाचावं.

कॅप्टन करारावर सही करत नाही ते तत्त्वासाठी, इथपर्यंत मी त्याच्यासोबत आहे. २०१४ च्या पिक्चरमध्ये त्यानं ज्या शील्ड या सरकारी हेर संस्थेसाठी जीव धोक्यात घातला तिच्याच पोटात हायड्रा ही शत्रूची संघटना बसलेली त्याला दिसली होती, सरकारी शिक्क्यावर आंधळा विश्वास त्यानं ठेवावा असं कोण म्हणेल. पण पिक्चर पुढं सरकतो तसं तत्त्व मागं पडतं आणि त्याचा जुना मित्र बकी पुढं येतो. कराराच्या वेळी व्हिएन्नात झालेल्या स्फोटात बकी निर्दोष होता, त्याला दिसताक्षणी गोळी घालायचा आदेश चुकीचाच होता. पण टोनीच्या आईवडिलांना पूर्वी बकीनंच मारलं होतं याची कल्पना स्टीवला होती आणि त्यानं टोनीला सांगितलं नाही. टीममधल्याच माणसाला! बाहेरच्या समितीला हिशोब द्यायचा नाही कारण आम्ही एकमेकांना जबाबदार आहोत, असं म्हणायचं, आणि मग एकमेकांनाच हिशोब द्यायचा नाही. इथं कॅप्टनची केस पडते. यारी-दोस्ती मोठी गोष्ट आहे, आपण विदर्भातली माणसं दोस्तासाठी काय काय करतो ते मला सांगायला नको, पण ज्याच्या हातात इतकी ताकद आहे त्याची दोस्ती ही त्याची खाजगी गोष्ट राहत नाही. आपला माणूस म्हणून पाठीशी घालणं ज्या ज्या खात्यात चालतं तिथं काय होतं ते आपण रोज बघून राहिलो. युनिफॉर्म असो की मास्क, आपल्याला एकमेकांशिवाय कोणी नाही ही भावना टीमला जिवंत ठेवते आणि तीच टीमला सडवते पण.

म्हणून मला कॉमिक्समधला शेवट पिक्चरपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लढाई चालू, कॅप्टन जिंकतोय, टोनी खाली पडलाय, ढाल वर उचललेली. आणि तेवढ्यात कॅप्टनच्या अंगावर कोण झेप घेतं? फायर ब्रिगेडवाले, पोलीस, अँब्युलन्सवाले. साधी माणसं, काही ताकद नाही. कॅप्टन म्हणतो सोडा मला, मला तुम्हाला इजा करायची नाही. आणि मग तो आजूबाजूला बघतो, शहर जळतंय. त्याला कळतं की आपण लोकांसाठी लढत नाही आहोत, नुसतं लढतो आहोत. तो मास्क काढतो आणि हात पुढं करतो. लोक याला हार म्हणतात. माझ्या मते सबंध कथेत कोणी लोकांचं ऐकलं असेल तर ते त्या पानावर. पुढं कॅप्टनच्या स्वतःच्या मालिकेत त्याला कोर्टात नेताना कोर्टाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या जातात. ज्या कायद्यावर अख्खं युद्ध झालं तो कायदा घटनेत बसतो का, हे न्यायाधीशासमोर मांडायची एकमेव संधी तिथं गेली. सात अंक हाणामारी केली, पण कोणीही आधी कोर्टात जाऊन एक याचिका टाकली नाही, आणि हे मी गंमत म्हणून बोलत नाही. टोनीकडे पैसा होता, कॅप्टनकडे लोकांचं प्रेम होतं, दोघांच्या बाजूनं वकील होते. रस्ता उघडा होता.

डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीच्या जस्टिस सोसायटी या हिरोंच्या टीमची पण एक गोष्ट आहे, १९५१ मधली म्हणून सांगितलेली. अमेरिकेच्या संसदेची समिती त्यांना मास्क काढा म्हणते, ते काढत नाहीत, सरकारशी भांडत पण नाहीत, काम थांबवून घरी जातात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण घरी गेल्यावर ज्यांना वाचवायचं होतं ते लोक कुठं गेले, हे कोणी विचारत नाही.

यावर एक प्रश्न हमखास येतो, की आभाळातून सेना उतरतेय आणि तुम्ही म्हणता समितीची परवानगी घ्या, याचिका टाका, तोवर शहर राहील का? बरोबर प्रश्न आहे. पण परवानगी आधी घ्या असं मी म्हणतच नाही. आधी वाचवा, नंतर हिशोब द्या, आणि तो हिशोब तुमच्या साहेबाला नाही, तुमच्याशी संबंध नसलेल्याला द्या. हे काही हवेतलं नाही. मुंबईच्या पोलीस एन्काउंटरांवरून जी केस सुप्रीम कोर्टात गेली तिचा निकाल २३ सप्टेंबर २०१४ ला लागला आणि त्यात कोर्टानं सोळा मुद्द्यांची पद्धत घालून दिली. पोलिसाच्या गोळीनं माणूस मेला तर एफआयआर झालाच पाहिजे, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या टीमनं करायचा, मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हायची, मेलेल्याच्या घरच्यांना कळवायचं. आणि घटनेनंतर लगेच शौर्यपदक नाही, आउट ऑफ टर्न प्रमोशन नाही, आधी शौर्य संशयापलीकडे सिद्ध होऊ द्या. हे शेवटचं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ऑसबॉर्नला एका गोळीवर जे मिळालं ते या एका मुद्द्यावर अडलं असतं. ही पद्धत रोज पाळली जाते का, तर नाही, यासाठी अजून भांडावं लागतं, पण निदान कागदावर तरी आहे आणि त्या कागदावर बोट ठेवून भांडता येतं.

लागोसला हे लावून बघा. वांडानं बाजारातला स्फोट वर उचलला, खालची माणसं वाचली, वरच्या मजल्यावरची गेली. एफआयआर लागोसमध्ये होतो. तपास अशा लोकांकडे जातो ज्यांचा अ‍ॅव्हेंजर्सशीही संबंध नाही आणि रॉसशीही नाही. मेलेल्या वाकांडा देशाच्या लोकांचे नातेवाईक मॅजिस्ट्रेटसमोर येऊन जे बोलायचं ते बोलतात, वांडा समोर उभी राहून ऐकते आणि त्या दोन सेकंदात तिच्यासमोर काय होतं ते सांगते. चूक निघाली तर शिक्षा, नाही निघाली तर नाही. गळ्यात पट्टा घालायचा प्रश्न येत नाही, स्टीवला जेल फोडायला जावं लागत नाही. आणि त्याच कोर्टात, त्याच नियमानं, हार्लेमची फाइल पण उघडते आणि रॉसला समन्स जातं.